विरजणाचा नकाशा

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी राजश्री शिंत्रे यांनी स्वतःला पहिल्यांदा आतून पाहिलं, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाहेरून आपण बऱ्याच आवरलेल्या दिसतो.

हिरण्यकेशी केंद्राच्या तळमजल्यावर एक अंधारी खोली होती. सगळं गडहिंग्लज तिला 'आरशाची खोली' म्हणे. आत काचेचा पाट. त्यावर उताणं झोपायचं आणि वर हातभर अंतरावरच्या पडद्यात आपला सांगाडा बघायचा. त्याआधी चाळीस दिवस केंद्राकडून रोज कपभर दूध यायचं. त्या दुधातलं कॅल्शियम नेहमीच्यापेक्षा किंचित जड, बाकी निरुपद्रवी. यंत्राला ते गर्दीतून ओळखू येई, वरातीत आपल्याकडच्या मंडळींनी फेटे बांधलेले असावेत तसं.

पडद्यावर हाडं निळसर दिसत होती. त्या निळ्यातून सोनेरी कण सुटत होते. खुब्यातून, कमरेच्या मणक्यांतून, मनगटांतून. चाळीस दिवसांचा प्रवास चार मिनिटांत दाखवत होते, तरी त्यांना घाई नव्हती. एकेक कण रक्तात उतरे, वर सरके, आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या कमानीत जाऊन भिंतीला चिकटे. तिथे आधीच एक सोनेरी पापुद्रा धरला होता.

"हे उलटं चाललंय," राजश्रीबाई म्हणाल्या. पडून राहिल्या तरी तीस वर्षांचं शिकवणं सुटत नाही.

"उलटंच आहे, बाई," डॉ. अन्वी तारळेकर म्हणाली. ती या केंद्राची प्रमुख, वय पस्तीस, आणि कधीकाळी राजश्रीबाईंच्या नववी 'ब'मध्ये तिसऱ्या बाकावर बसणारी. "पाळी गेली की हाडांवरचा पहारा सैल होतो. जिथे पाहिजे तिथून कॅल्शियम निघतं, आणि जिथे नको तिथे जाऊन बसतं. हाडं पोकळ, रोहिण्या कडक. हाडांचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, म्हणून आपल्याला वाटतं दुखणी दोन आहेत."

"आणि मी रोज कॅल्शियमच्या गोळ्या खातेय त्या?"

"प्रवासी वाढवताय. गाडी त्याच स्टँडला चाललीय."

मग अन्वीनं, चार वर्षं स्वतःला झोपेतसुद्धा जे दिसत होतं, ते सांगितलं. हाडात एक प्रथिन असतं, त्याचं काम कॅल्शियम धरून ठेवणं. रोहिणीच्या भिंतीत दुसरं असतं, त्याचं काम कॅल्शियमला टेकू न देणं. दोन्ही प्रथिनं शरीर इमानेइतबारे तयार करतं, पण ती जन्मतात बिनहाताची. त्यांना हात लावून देतं ते के जीवनसत्त्व. पालेभाजीतलं के बहुतेक यकृतातच खर्चून जातं, कारण रक्त गोठायलाही तेच लागतं. हाडांपर्यंत आणि रोहिण्यांपर्यंत पुरतं ते त्याचं दुसरं भावंड, के-टू, आणि ते जंतू बनवतात.

"म्हणजे कर्मचारी हजर आहेत, फक्त हात नाहीत," राजश्रीबाई म्हणाल्या. "ही तर नगरपालिका झाली."

के-टूच्या गोळ्यांचे प्रयोग पूर्वी पुष्कळ झाले होते. काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही, आणि काहींत बायका गोळ्या खायच्याच विसरल्या. अन्वीनं त्या विसरण्यावर उपाय काढला होता. दह्याच्या विरजणातले जंतू घेऊन तिनं त्यांना के-टू भरपूर बनवायला शिकवलं. एकदा डबी दिली की झालं. रोज रात्री दुधाला लावायचं, सकाळी औषध तयार. त्यातलंच चमचाभर उद्याचं विरजण. गोळी कुणीही विसरेल, पण दही लावायला विसरलेली बाई गडहिंग्लजात शोधून सापडली नसती.

साल २०४३. गावात रिक्षा ड्रायव्हरशिवाय चालत होत्या आणि तरीही हव्या त्या बाजूला येत नव्हत्या. गावातल्या सहाशे चाळीस बायकांना स्टीलच्या सहाशे चाळीस डब्या मिळाल्या. निम्म्यांत शिकवलेलं विरजण, निम्म्यांत साधं. कुणाची कुठली ते अन्वीलाही माहीत नव्हतं. अटी तीन होत्या. रोज एक वाटी दही खायचं. घरात रक्त पातळ करायची गोळी कोणी घेत असेल तर भाग घ्यायचा नाही, कारण ती गोळी के जीवनसत्त्वाचाच रस्ता अडवून काम करते. एकीकडून अडवायचं आणि दुसरीकडून सोडायचं, यात मधल्या माणसाचं काही खरं नाही. आणि तिसरी अट, डबीतलं विरजण कुणाला द्यायचं नाही.

राजश्रीबाईंना त्यांच्या कॉलनीची 'सखी' नेमलं. चोवीस घरांवर लक्ष ठेवायचं. त्यांच्याहून योग्य कोण होतं? तीस वर्षांत त्यांनी शेकडो पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: प्रयोगात एक कुंडी उजेडात ठेवली तर दुसरी अंधारात ठेवा, आणि अंधारातलीला मधून मधून दया म्हणून उजेड दाखवू नका. त्यांनी तिन्ही अटींखाली सही केली. घरात गोळी घेणारं कोणी नव्हतं. घरात कोणीच नव्हतं. यजमान वारले त्याला सहा वर्षं झाली होती, आणि आईला जाऊन चार.

आईमुळे त्या या प्रयोगात आल्या होत्या. बासष्टाव्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं, पडून नव्हे, बसल्या जागेवरून उठताना. मग पाठीचे मणके एकेक करून बसले. शेवटची नऊ वर्षं ती जमिनीकडे बघत जगली. घरी आलेल्या माणसांना ती चपलांवरून ओळखे. मावशीचं तेच, आजीचं तेच. घराण्यात दागिने आले नव्हते, हे आलं होतं.

प्रयोग सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील. शेजारच्या शैलजा कडगावे दुपार कलताना वाटी घेऊन दारात आल्या.

"दिवे लागायच्या आत आले बघ. विरजण दे चमचाभर. आमचं तार धरायला लागलंय. हे म्हणतात, दही आहे का डिंक."

शैलजा म्हणजे एकोणतीस वर्षांचा शेजार. राजश्रीबाईंची शाळा असायची तेव्हा आईला न्हाऊ घालून, वेणी घालून देणारी बाई. तिला विरजण नाही म्हणायचं? घरात विरजण असून नाही म्हणायला माणूस वेगळ्या मातीचं लागतं. शिवाय दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये हा नियम गावात होता, आणि तो सगळ्यांनी पाळला होता. त्याआधी देऊ नये असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

"केंद्राचं आहे गं हे," राजश्रीबाई म्हणाल्या.

"मग काय शिक्का मारलाय का त्याच्यावर?"

चव तर नेहमीसारखीच होती. आपल्या वाट्याला साधीच डबी आली असणार, अशी राजश्रीबाईंची खात्री होती; लॉटरीत त्यांना आजवर काही लागलं नव्हतं. त्यांनी चमचाभर दिलं. गोळीची अट त्यांना आठवली नाही असं नाही. पण अट घरापुरती होती, आणि त्यांच्या घरात कोणी नव्हतं. शैलजाच्या घरात शिवलिंग अण्णा होते, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सात वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. नव्या काळात नव्या गोळ्या पुष्कळ आल्या, पण धातूच्या झडपेला अजून तीच जुनी रक्त पातळ करायची गोळी लागे. राजश्रीबाईंना हे सगळं ठाऊक होतं. औषध एका खणात ठेवलं होतं, विरजण दुसऱ्यात. डोक्यातले खण असतातच असे. आतून दार नसतं.

वर्षानं त्या पुन्हा काचेच्या पाटावर झोपल्या.

पहिल्या मिनिटात त्यांना वाटलं, फीत उलटी फिरवलीय. कमानीतला सोनेरी पापुद्रा कडेकडेनं सुटत होता. भिंतीपासून एकेक कण अलग होई, रक्ताच्या ओघात गिरकी घेई, आणि खाली निघे. कुणी हाकलत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. कण खुब्याशी पोचत, आणि तिथली झिरझिरीत झालेली निळी जाळी त्यांना एकामागून एक आत घेई. जिथे गेल्या वर्षी नुसता काळोख होता तिथे आता बारीक सोनेरी तुळई उभी राहत होती, आडवी, तिरकी, नेमकी जिथे शरीराचा भार पडतो तिथेच. कुठल्या इंजिनियरनं आखून दिलं होतं हे? त्यांना कळत नव्हतं आणि त्यांच्याच खुब्यात चाललं होतं. भाजी निवडताना, वीजबिलावरून भांडताना, झोपेत घोरताना हे बांधकाम आत सुरूच होतं.

राजश्रीबाईंनी तीस वर्षं फळ्यावर हाडाची आकृती काढली होती, पांढऱ्या खडूनं, नावं देऊन. हाड जिवंत असतं हे वाक्य त्यांनी हजारदा लिहून दिलं होतं. त्यांना आज ते पहिल्यांदा समजलं.

"बाई, वेळ झाला," अन्वी म्हणाली.

"परत एकदा दाखव."

अन्वीनं परत दाखवलं.

म्हणजे डबी खरी होती. हे त्या दिवशीच कळलं, आणि त्या आनंदात राजश्रीबाईंना शेजारची वाटी आठवली नाही. माणसाला स्वतःचं हाड दिसत असताना दुसऱ्याचं रक्त दिसत नाही.

दोन महिन्यांनी अन्वीनं सगळ्या सख्यांना बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता.

"प्रयोग बंद होतोय," ती म्हणाली. "समितीनं काल आकडे उघडले. खऱ्या विरजणाच्या गटात हाडं सुधारली, रोहिण्या मऊ झाल्या."

"मग पेढे कुठायत?" कुणीतरी म्हटलं.

"साध्या गटातही सुधारल्या. जवळजवळ तेवढ्याच. म्हणजे फरक विरजणानं पडत नाही. समितीचं म्हणणं, बायकांना कुणीतरी विचारपूस केली, म्हणून त्यांना बरं वाटलं."

"विचारपूस केल्यानं रोहिणीतला चुना निघतो?" राजश्रीबाईंनी विचारलं.

"समितीत आठ पुरुष आहेत, बाई. त्यांनी तसं लिहिलंय."

राजश्रीबाई घरी आल्या त्या हळहळत. शेकडो बायकांना जे दिसलं ते खोटं कसं, हे त्यांना उमगेना. काय चुकलं असेल याचा विचार करत दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुंपणाच्या ठेंगण्या भिंतीशी कपडे वाळत घालत होत्या. पलीकडे शैलजा उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"काल हे पेपर वाचत बसलेले," शैलजा म्हणाली. "पेपर हातातून गळला. म्हटलं डोळा लागला असेल. बघते तर बोलायला बघतायत आणि शब्दच येईना तोंडातून. दहा मिनिटं. मग आपोआप बरं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा म्हणे दीडच्या खाली आलाय. पाहिजे तीन. वर्षभर गोळी वाढवतायत, दुप्पट झाली, आणि हा आपला खालीच. झडपेवर गाठ धरली तर संपलं म्हणाला. माझ्यावरच घसरला तो. पालेभाजी किती घालता? म्हटलं, पालेभाजी बघितली की हे ताटावरून उठतात. मग नवीन काय खातात? म्हटलं, या वयात नवीन काय खाणार. भाकरी, आमटी, दही. दही मात्र दोन-दोन वाट्या. तुझं विरजण आणल्यापासून सोडतच नाहीत बघ."

राजश्रीबाईंच्या हातात ओला टॉवेल होता. तो त्यांनी पुन्हा बादलीत ठेवला.

दोन्ही खण एकदम उघडले. एका वाटीनं अण्णांचं रक्त घट्ट होत चाललं होतं. आणि अशाच वाट्यांनी साध्या गटातल्या बायका बऱ्या होत होत्या. अंधारातल्या कुंडीला गावानं चौदा महिने उजेड दाखवला होता, आणि दिवे लागायच्या आत दाखवला होता.

गप्प बसायला जागा होती का? होती. 'दही बाधतंय गं त्यांना, बंद कर' एवढं म्हटलं असतं तरी शैलजानं ऐकलं असतं. पण गोळी दुप्पट झालेली. दही अचानक सुटलं आणि डॉक्टरला कारण माहीत नसलं, तर तीच गोळी रक्ताचं पाणी करेल. मेंदूत एखादी बारीक नस फुटली की संपलं. अर्धं सत्य इथे पूर्ण खोट्याहून वाईट होतं. सगळं सांगायचं, तारखेसकट, नाहीतर काहीच नाही. आणि सगळं सांगितलं की सहीचा कागद, अन्वीची चार वर्षं, आणि भिंतीपलीकडचा एकोणतीस वर्षांचा शेजार, हे सगळंच पणाला लागत होतं.

"शैला, माझ्या विरजणानंच झालंय हे," राजश्रीबाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबी, अटी, गोळी, के जीवनसत्त्व.

शैलजानं ऐकून घेतलं.

"कागदावर लिहून दे," ती शेवटी म्हणाली. "तारीख घालून. कधी दिलंस, काय असतं त्यात. डॉक्टरला माझं बोलणं कळत नाही."

राजश्रीबाईंनी लिहून दिलं. शैलजानं कागदाची घडी घातली.

"तुझ्या आईला मी लेकीसारखं केलं," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुपारपर्यंत अण्णा दवाखान्यात होते. झडपेच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढी गाठ धरू लागलेली सापडली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला, आणि इंजेक्शनं सुरू केली. हे सगळं राजश्रीबाईंना शैलजाच्या सुनेकडून फोनवर कळलं. शैलजानं फोन घेतला नाही.

संध्याकाळी त्या केंद्रात गेल्या आणि अन्वीपुढे दुसरा कागद ठेवला. अन्वीनं वाचला.

"नववीत मी दोन कुंड्यांचा प्रयोग एकाच कुंडीत उरकला होता," ती म्हणाली. "तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"उभी राहते," राजश्रीबाई म्हणाल्या.

"नको. उद्या सगळ्यांना बोलवा. असं आणखी कुठे झालं असेल तर आज कुणाच्या तरी झडपेवर गाठ धरतेय."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात साडेपाचशे बायका जमल्या. राजश्रीबाई माईकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवलं नाही. मी विरजण दिलं, त्यानं एक माणूस मरणाच्या दारात गेला, आणि प्रयोग माझ्यामुळे बुडाला, असं त्यांनी सांगितलं, आणि खाली मान घालून बोलणी खायची वाट बघत राहिल्या.

मागून पद्मजा नेसरीकर उठल्या. "तुमच्या एकटीमुळे कसा बुडेल ओ? माझं बारा घरी गेलंय."

"बारा?" दुसरी म्हणाली. "माझं निपाणीला गेलंय, संकेश्वरला गेलंय. जावई पुण्याला घेऊन गेला डब्यातनं. सुरीनं कापावं असं लागतं."

"तुझं पातळ असतंय गं, मी खाल्लंय. तू माझंच नेलं होतंस श्रावणात, विसरलीस?"

"मी नेलं? माझं तुझ्याकडे आलं का तुझं माझ्याकडे?"

पाच मिनिटांत कबुलीजबाबाची स्पर्धा झाली. गुन्हा कुणालाच नाकारायचा नव्हता. आपला लहान ठरतोय एवढंच दुःख होतं. खरी डबी, साधी डबी, सगळं विरजण गावानं एकमेकांत केव्हाच ढवळून टाकलं होतं. व्यासपीठाच्या पायरीवर अन्वी खाली बसली. ती हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं.

"साध्या गटात साधं कुणी राहिलंच नाही," ती म्हणत होती. "फरक कुठून दिसणार?"

राजश्रीबाईंनी माईकवर टिचकी मारली. वर्ग शांत झाला.

"भांडणं नंतर. ज्यांना ज्यांना दिलंत, त्यांच्या घरी रक्त पातळ करायची गोळी कोण घेतं? हृदयाचं ऑपरेशन झालेलं, झडप बसवलेली, पायात गाठ झालेली. नाव आणि घर सांगा. आणि कुणी घरी जाऊन दही बंद करा म्हणायचं नाही. जेवढं खातायत तेवढंच चालू ठेवा, आणि आज रात्रीच्या आत डॉक्टरकडे न्या."

आरोग्य खात्याला ही यादी करायला दोन वर्षं आणि एक ॲप लागलं असतं. गावातल्या बायकांनी ती वीस मिनिटांत केली, डोस आणि डोस केव्हापासून वाढला त्या तारखांसकट. अकरा नावं निघाली. रात्री साडेनऊपर्यंत अकराही जणांचं रक्त तपासून झालं. सहा जणांचे आकडे घसरलेले होते. त्यातल्या एका बाईला तीन दिवसांनी लांबच्या प्रवासाला निघायचं होतं; तासंतास बसून पायात गाठ धरायला तेवढं पुरलं असतं.

मग अन्वीनं गावातल्या दह्याचे नमुने मागवले. प्रत्येक डबीतल्या जंतूंच्या गुणसूत्रात तिनं एक क्रमांक लिहून ठेवला होता, आणि दर काही पिढ्यांनी जंतू स्वतःच त्यापुढे एक खूण जोडत जात. दही चाखून नव्हे, वाचून सांगता येत होतं, की हे कुणाच्या घरून कुणाच्या घरी, केव्हा गेलं.

दोन आठवड्यांनी तिनं राजश्रीबाईंना बोलावलं आणि भिंतभर नकाशा उजळला.

सहाशे चाळीस ठिपके होते ते तीन हजार नऊशे बारा झाले होते. घराघरांतून सोनेरी रेषा निघत, वळत, फुटत. नदी ओलांडून गेलेल्या होत्या. देवळामागच्या गल्लीतून मशिदीमागच्या गल्लीत, तिथून साखर कारखान्याच्या चाळीत. लेकीबरोबर बेळगावला, बदलीबरोबर नाशिकला. वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं टाकलेल्या दोन जावांच्या स्वयंपाकघरांमध्ये एक सरळ, आखूड रेषा होती. मध्ये तिसरं घरसुद्धा नव्हतं. हा नकाशा कुणी सांगून काढला नव्हता. चौदा महिने कुणीतरी कुणाच्या तरी दारात रिकामी वाटी घेऊन उभं राहिलं होतं, आणि कुणीही तिला रिकामं पाठवलं नव्हतं.

राजश्रीबाई मागे सरकल्या, आणखी मागे, पाठ भिंतीला लागेपर्यंत. दुरून तो नकाशा त्यांना खुब्यातल्या तुळईसारखा दिसला. जिथे भार पडतो तिथेच रेषा दाट होत्या.

"शिकवलेलं विरजण पोचलं नाही अशी, प्रयोगाबाहेरची दोनशे घरं सापडलीत," अन्वी हळूच म्हणाली. "दवाखान्यातल्या जुन्या-नव्या तपासण्यांत तिथल्या बायकांची हाडं झिजलेलीच दिसतात. तुलनेला तेवढी पुरतात. समितीला परत बसावं लागेल, बाई." मग जरा थांबून, "पण नियमानं तुमची डबी काढून घ्यावी लागेल. आणि आरसा बंद."

"घे," राजश्रीबाई म्हणाल्या. आत काय चाललंय हे यापुढे त्यांना दिसणार नव्हतं. दहीही आता दुकानातलं, डब्यावर गाईचं चित्र असलेलं.

अण्णा तिसऱ्या आठवड्यात घरी आले. गाठ विरघळली होती. त्यांना आणि त्या अकरा जणांना चाळीस दिवस दूध देऊन केंद्रानं एकदा आरशात बघायचं ठरवलं, आणि अण्णांच्या वेळेला अन्वीनं राजश्रीबाईंना बोलावून घेतलं. काचेमागच्या अंधारात शैलजा आधीच उभी होती. तिनं मान वळवली नाही. राजश्रीबाई दोन हात अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

पाटावर अण्णा झोपले. पडद्यावर त्यांच्या छातीचा पिंजरा निळा उजळला, आणि आत हृदय. ते आकुंचन पावे, सैल होई. त्याच्या मधोमध धातूची एक पांढरी चकती उघडत होती, मिटत होती. कडांशी काहीच नव्हतं. स्वच्छ.

मग शैलजा पडद्याकडेच बघत म्हणाली, "ते मधलं काय गं, हलतंय ते?"

"झडप," राजश्रीबाई म्हणाल्या. "डावीकडचं रक्त परत मागे येऊ नये म्हणून. उघडली की आत येतं, मिटली की पुढे जातं."

"आणि ते पिवळं?"

"कमानीतलं कॅल्शियम. कमी होतंय बघ. हाडांकडे चाललंय."

"म्हणजे दह्यानं?"

"दह्यानं."

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की दोन रस्ते आहेत. दही हळूहळू सोडायचं आणि गोळी हळूहळू उतरवायची, नाहीतर रोज ठरलेलं एकच माप दही आणि त्या मापाला बांधलेली गोळी. आत पडल्या पडल्या अण्णांचा आवाज आला, झडपेच्या ठोक्यांवरून चालत आल्यासारखा. "मी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या जमिनी मोजल्या. वाटीभर दही मला मोजता येतं. सोडायचं नाही."

"तुम्हाला कुणी विचारलं नाही," शैलजा म्हणाली. मग राजश्रीबाईंना, "तू काय म्हणतीस?"

"मला विचारू नकोस. माझ्या सांगण्यावर आता भरवसा ठेवू नये."

"स्वतःची चूक असली तरी सांगितलंस की तू. बाकीच्यांनी सांगितलं असतं काय?" शैलजा पडद्याकडे बघतच होती. "एक वाटी. मी मोजून घालीन."

चकती उघडली, मिटली. उघडली. सोन्याचा एक बारीक कण कमानीपासून सुटला आणि ओघाबरोबर वळून दिसेनासा झाला.

"वेळ झाला," अन्वी म्हणाली आणि बटणाकडे हात नेला.

शैलजानं तो हात मधेच धरला.

"असू दे जरा," ती म्हणाली. "चाललंय ते. बघू दे."